बारा खुंट्यांची शिरगणती

आमच्या वडाळ्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावर शलाका नावाची एक तरुण शिक्षिका राहते. परवा संध्याकाळी ती एक सरकारी कागद हातात धरून वर आली. "काकू, मला जनगणनेची ड्यूटी लावलीय. तुम्ही केली होती ना? खरं सांगा, किती जिने चढायला लागतात?" मी ओल्या हरभऱ्याची जुडी मांडीवर घेऊन घाटे सोलत बसले होते. माघ उतरायला लागला की लालबागच्या बाजारातून मी ही जुडी आणतेच. घाटे सोलून बोटांना आंब लागते, ती आंबट चिकटी दोन दिवस जात नाही. "जिन्यांचं काय घेऊन बसलीस," मी म्हटलं, "चढलेले जिने उतरता येतात." ती हसली, चहा पिऊन गेली. मी मात्र तिथंच बसून राहिले, घाटे तसेच पुढ्यात.

अशाच एका माघात मीही शिरगणतीला निघाले होते. परळच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागून मला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि गिरण्यांच्या संपाला नऊ. संप मिटला असं कुणी कधी नीट सांगितलंच नाही, त्यामुळे तो संपला की नाही हे ज्याचं त्यानं आपल्या मनाशी ठरवायचं होतं. काही गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजायला लागले होते. माझ्या बाबांच्या गिरणीचा नव्हता वाजत. शिरगणतीसाठी मला करी रोडच्या चार चाळी मिळाल्या. मिळाल्या कसल्या, मी मागून घेतल्या, खोटं कशाला बोलू. त्यातल्या एका चाळीत आमच्या गावाची खोली होती आणि त्या खोलीत बाबांनी उमेदीची वीस-बावीस वर्षं काढली होती.

दादरच्या एका शाळेत आमचं प्रशिक्षण झालं. दुपारी सुटलो की मी शिवाजी पार्कावरून चालत जायची. कठड्यावर पेन्शनर मंडळी उन्हाला पाठ देऊन बसलेली असत, नेटमध्ये बॅटवर चेंडू टकटक वाजत असे, आणि पलीकडे एक काटेसावर होती, पान नाही अंगावर, नुसती लालभडक फुलं. हातातल्या पुस्तिकेत प्रश्न होते. नाव काय, वय काय, जन्म कुठला, याआधी कुठे राहत होता, इथं का आलात. 'का आलात' याच्यापुढे ठरलेली उत्तरं दिलेली: नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न. म्हटलं, वा, सोपं आहे की. हेच तर मी वर्गात शिकवते.

वर्गात मी काय शिकवायची? माणसं एका जागेवरून उठतात आणि दुसरीकडे जातात, त्याला स्थलांतर म्हणतात. जुन्या जागेचं काहीतरी त्यांना ढकलतं, नव्या जागेचं काहीतरी ओढतं. फळ्यावर दोन बाण काढायचे, एक ढकलणारा, एक ओढणारा, मध्ये एक काडीचा माणूस. मग लोकसंख्येचा मनोरा. खाली लहान मुलं, वर म्हातारी, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. मी गिरणगावाचा मनोरा काढून दाखवायची, तो पुरुषांच्या बाजूला फुगलेला. माझ्या गावाचा काढला असता तर उलटा निघाला असता. देवगडच्या आत आमचं गाव. तिथं माझ्या लहानपणी विहिरीवर बाया, शेतात बाया, देवळात घंटा वाजवायलाही बाया. पुरुष म्हणजे शाळेतले गुरुजी, देवळातला गुरव आणि खोकणारे म्हातारे. बाकीचे सगळे मुंबईला. ते गणपतीला यायचे आणि मे महिन्यात यायचे. बाबा आले की मी पहिले दोन दिवस आईच्या पदराआडून त्यांना बघायची. तिसऱ्या दिवशी ओळख व्हायची आणि दहाव्या दिवशी ते निघायचे.

दहावी झाल्यावर मला पुढं शिकायला गिरगावात आत्याकडे धाडलं, ते संपाच्या आदल्या वर्षी. तेव्हा कुठे मला बाबा रोजच्या माणसासारखे दिसायला लागले. दर रविवारी करी रोडहून यायचे. आत्याच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचे, चहा घ्यायचे, माझी वही उघडून बघायचे आणि जेवायची वेळ व्हायच्या आत उठायचे. आत्या थांबा थांबा म्हणायची. ते म्हणायचे, खोलीवर जेवण झालेलं असतं. एका रविवारी ते मलाच ती खोली दाखवायला घेऊन गेले.

दहा पावलांची खोली. राहणारे बारा, सगळे आमच्या गावचे. तीन पाळ्यांत गिरणी चालायची, म्हणून खोलीही तीन पाळ्यांत चालायची. चौघं झोपलेले, चौघं कामावर, चौघं कुठेतरी जिन्यात, नाक्यावर, भजनात. पहिली पाळी उठली की त्याच अंथरुणावर तिसरी येऊन पडायची, अंथरूण कधी थंड म्हणून व्हायचं नाही. मी पुढं वर्गात लोकसंख्येची घनता शिकवायची तेव्हा पुस्तकातल्या चौरस किलोमीटरऐवजी मला ती चादर आठवायची. भिंतीवर ओळीनं बारा खुंट्या. प्रत्येक खुंटीवर एकेकाचा शर्ट आणि खुंटीखाली त्याची पत्र्याची पेटी. तेवढीच त्याची जागा. कुणी दुसऱ्याच्या खुंटीला हात लावायचा नाही, हा नियम. कुणी निवृत्त होऊन गावी गेला की त्याची खुंटी गावकीत विचारून दुसऱ्या माणसाला मिळायची, बहुतेक त्याच्याच मुलाला. दारापासून सातवी बाबांची. खोली जनाकाकीच्या नवऱ्याच्या नावावर होती आणि जनाकाकी त्या बाराही जणांचं रांधायची; ती दोघं या बारांत धरलेली नाहीत. बाबा मला खुंटी दाखवत होते तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. गावात आमचं घर होतं, माड होते, आंबा होता. ते दाखवताना त्यांना मी कधी असं बघितलं नव्हतं.

संप सुरू झाल्यावर पहिला उन्हाळा आला आणि खोली रिकामी व्हायला लागली. बाबा आत्याकडे सांगायला आले. "जरा गावाक जाऊन येतंय. गिरण चालू झाली की इलंयच." पेटी नेली नाही. खुंटीवरचा शर्टही नेला नाही. जो परत येणार तो कशाला नेईल? बाराही जण तसेच गेले. जनाकाकीचा नवरा पुढच्या वर्षी वारला. काकी एकटी उरली आणि भिंतीवर बारा शर्ट.

बाबा गावी राहिले ते राहिलेच. पण कुणी म्हटलं, काय धाकू, आता गावचोच झालंस, की त्यांना ते लागायचं. "मी हयचो न्हय," म्हणायचे, "मी मुंबयचो. हय सध्या आसंय." एक वर्ष झालं, तीन झाली, पाच झाली, सध्या काही संपेना. गावात घराची कौलं परतायची तर आई म्हणायची, तुम्ही चढा, आणि ते म्हणायचे, गड्याला सांग, मी किती दिवस असणार आहे. मला पत्रात विचारायचे, भोंगा वाजला का?

तर त्या माघात मी काखेत सरकारी पिशवी घेऊन जनाकाकीच्या दारात उभी राहिले. तिनं मला ओळखलं, पाट दिला, गुळाचा खडा दिला. मी तक्ता उघडला. "काकी, घरात राहणारी माणसं किती?" तिनं भिंतीकडे बघितलं. दाराकडून सुरुवात करून एकेक खुंटीवर बोट ठेवत नावं सांगायला लागली, बापाच्या नावासकट, आडनावासकट. सगळे शर्ट स्वच्छ, घडीच्या खुणा असलेले. दर वर्षी शिमग्याच्या आधी ती ते बारा शर्ट खाली काढायची, धुवायची आणि परत ज्याच्या त्याच्या खुंटीला लावायची. माणसं शिमग्याला गावी जायची, जाताना कपडे धुतलेले असावेत, अशी तिची जुनी रीत. माणसं गेली, रीत राहिली. मी म्हटलं, "अगो काकी, पण ते इथं नाहीत ना." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला पाटावरून उठावंसं वाटलं. "गावाक गेलेत, येतले. लिव गो बाय. सगळे हयच ऱ्हवतत. तुझो बापूस खय ऱ्हवता, तूच सांग माका."

नियम मला पाठ होता. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो इथं नसेल त्याला इथं लिहायचं नाही, तो जिथं असेल तिथले लिहितील. प्रशिक्षणात तीन वेळा सांगितलं होतं, मी मान डोलावली होती. तरी मी लिहीत गेले. पहिला, दुसरा, तिसरा. सातव्या ओळीत लिहिलं: परब धाकू राघो. जन्म ठिकाण लिहिलं, येण्याचं कारण नोकरी लिहिलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. नऊ वर्षं जे कुणी मान्य करत नव्हतं ते मी शाईनं लिहून टाकलं होतं. खोलीत माणसं तेरा, बारा पुरुष आणि एक बाई. गिरणगावाचा जुना मनोराच तो. शेजारून कुणाच्या तरी स्टोव्हचा आवाज येत होता आणि काकी तक्त्यातल्या ओळी बोटानं मोजत होती.

त्याच दुपारी मी अंतर्देशीय पत्र लिहिलं. बाबा, तुमचं नाव मुंबईच्या शिरगणतीत लागलं, मी स्वतः लिहिलं. आठवड्याभरात उत्तर आलं. बाबांचं अक्षर मोठं, ओळी खाली उतरत जाणाऱ्या. त्यांनी लिहिलं होतं, पत्र वाडीत सर्वांना वाचून दाखवले. तुझ्या आईला दोनदा दाखवले. आता गिरणी उशिरा चालू झाली तरी चालेल.

ते उत्तर हातात पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकांनी माझे तक्ते तपासले. चांगला माणूस, कुठल्याशा शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्तीला आलेला. जनाकाकीच्या खोलीशी त्यांचं बोट थांबलं. "दहा पावलांच्या खोलीत तेरा? आज?" ते माझ्याबरोबर चाळीत आले. दारातून त्यांनी खोली बघितली, एक चूल, एक ताट, बारा खुंट्या. जिन्यात येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, आपण माणसं मोजतो. शर्ट नाही." आणि मग, बहुधा माझा चेहरा बघून, "अहो, ते गावी मोजले जातीलच. तुम्ही कुणाला पुसत नाही आहात. इथून काढताय, एवढंच." मलाही ते पटलं. भूगोलाच्या बाईला पटायलाच हवं होतं.

खोडायला मी एकटीच गेले. ते काकीच्या दारातच करायचं असं काही नव्हतं, शाळेत बसूनही करता आलं असतं. पण तिच्यापासून लपवावं असं वाटेना. शर्ट धुवायचा तिचा दिवस होता. गॅलरीच्या तारेवर बाराही शर्ट ओले लटकत होते, खाली टपटप पाणी. मी उंबऱ्यावर बसून एकेका नावावरून रेघ ओढली आणि प्रत्येक रेघेशेजारी माझी सही केली, तसा नियम होता. काकी तारेखाली उभी होती. अकरा नावं खोडून झाली, सातवी ओळ मी शेवटी ठेवली होती. तेव्हा ती म्हणाली, "बापाशीक पण?" मी हो म्हटलं. ती उठून आत गेली आणि येताना माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

आता खरी गोष्ट. घरी येऊन मी दुसरं पत्र लिहायला घेतलं. बाबा, तुमचं नाव मुंबईतून कमी केलं आहे, गावात गुरुजी आले की त्यांना लिहून घ्यायला सांगा. एवढंच लिहायचं होतं. दोन ओळी. गावची मोजणी व्हायला चार-पाच दिवस होते, टाकलं असतं तर वेळेत पोचलं असतं. पण समोर बाबांचं उत्तर पडलेलं. दोनदा आईला दाखवले. पहिलं वाक्य लिहिलं आणि तसंच घडी घालून भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं. मनाशी म्हटलं, गुरुजी लिहितीलच, न सांगता. त्यांचं कामच आहे ते. म्हणजे बाबा तिथं कागदावर लागतील आणि मनात इथं राहतील, दोन्ही साधेल. हुशार ना मी.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. बाबा त्यासाठी मुंबईला आले, दहा वर्षांनी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला खोलीवर नेलं. शर्ट तिथंच होता. त्यांनी तो खुंटीवरून काढला, अंगाला लावून बघितला. अंग आटलं होतं, शर्ट मोठा दिसत होता. मी म्हटलं, घेऊन जा आता. "ऱ्हवांदे थंयच. परत इलंय तर लागात." मग माझ्याकडे न बघता, खुंटीवर शर्ट नीट करत विचारलं, "माझा नाव आसा मां कागदार?" जनाकाकी चुलीजवळ होती. तिचा हात थांबला. मी म्हटलं, "आहे बाबा." काकी पुन्हा चपाती लाटायला लागली.

त्यानंतर चार पावसाळ्यांनी बाबा गेले, गावीच. बाराव्याला अंगणात मंडळी बसली होती. शाळेचे गुरुजी तेव्हा थकले होते, काठी टेकत आले. बाबांच्या आठवणी निघाल्या तसे तेही सांगायला लागले, कौतुकानंच. "शिरगणतीक मी ह्याच अंगणात बसललंय. तुझ्या आवशीचा नाव लिवलंय, भावाचा लिवलंय. बापाशीचा लिवूक पेन टेकवतंय, तर म्हणता कसो, गुरुजी, माझा नको. माझा नाव मुंबयत लिवलेला आसा, माझ्या चेडवान लिवल्यान. दोनदा लिवलास तर चूक जायत, आणि चूक तिच्यार येयत." गुरुजी हसले. अंगणातली माणसंही हसली, बरी आठवण निघाली म्हणून. "इतको प्रामाणिक माणूस गो तुझो बापूस."

मी उठले आणि मागच्या पडवीत गेले. तिथं उखळीवर बसले. आईला वाटलं मी बाबांसाठी रडते आहे. रडत होतेच, पण मला जे कळलं होतं ते तिला कसं सांगू? मुंबईतून मी खोडलं, गावातून त्यांनी स्वतः थांबवलं, माझ्यावर बालंट यायला नको म्हणून. दोन ओळींचं पत्र गेलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं, चार दिवस जेवले नसते, पण ते या देशात कुठेतरी असते. मी त्यांना वाईट वाटू दिलं नाही. ती चूक माझी, आणि ती दुरुस्त करायला कुठलं कार्यालय नाही.

ती चाळ आता नाही. करी रोडच्या पुलावरून जाताना तिथं एक टॉवर दिसतो, वरचे मजले मोजायचे तर मान दुखते. चाळ पाडायच्या आधी जनाकाकी तिच्या माहेरी गेली. जाताना तिनं सगळ्यांचे शर्ट ज्याच्या त्याच्या घरी पोचते केले. बाबांचा माझ्याकडे आला. शिमग्याच्या आधी मी तो धुते. माझ्या नवऱ्यानं आधी एकदा विचारलं, कशाला, मग विचारायचं सोडलं. काल धुतला, आज गॅलरीत वाळतो आहे.

आज शलाका पुन्हा आली, पुस्तिका घेऊन. नियम वाचून तिचं डोकं फिरलं होतं. "काकू, समजा एखादा माणूस इकडचा पण सांगतोय आणि तिकडचा पण. तर काय करायचं?"

"नियमानं चाल. खोडावं लागलं तर खोड. पण खोडलंस की त्याला कळव."

"अहो, एवढ्या घरांत कुणाकुणाला कळवू? एक माणूस इकडेतिकडे झाला तर काय होणार आहे?"

ती सहज बोलली, तिचा दोष नाही. मी तिला पेन हातात घट्ट धरायला लावलं आणि पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर तिला लिहायला सांगितलं. "लिही. परब धाकू राघो." तिनं लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मग मी तिला सगळं सांगितलं, खुंट्या, काकी, रेघा, पत्र, गुरुजी. इतकी वर्षं हे मी कुणाला बोलले नव्हते, आईला नाही, नवऱ्याला नाही. शेवटी गॅलरीत वाळणाऱ्या शर्टाकडे बघून तिनं हळूच विचारलं, "मग काकू, ते नक्की राहायचे कुठे?"

तीस-पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. मी उठून गॅलरीत गेले आणि शर्टाची दुमडलेली बाही सरळ केली.